परतीचं तिकीट

१९२२च्या सुमारास इंग्लंडमधल्या एका मासिकाने एका हिंदुस्थानी बाईंची मुलाखत छापली. बाईंचं नाव मिसेस अँटनी परेरा, धंदा आयाचा. हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यामधला समुद्र त्यांनी चौपन्न वेळा ओलांडला होता. एकदा हॉलंडलाही जाऊन आल्या होत्या, ती खेप वेगळीच.

त्या काळात चौपन्न खेपा म्हणजे काय, हे समजायला महाराष्ट्रातल्याच दोन गोष्टी आठवाव्यात. १८८३मध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांच्या जाण्यावरून केवढा गहजब झाला होता. १८९०मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये नुसता चहा पुढे आला, तर रानडे आणि टिळकांनाही प्रायश्चित्ताच्या भानगडीतून सुटका मिळाली नाही. नेमक्या याच वर्षांत दर हंगामाला मुंबईच्या धक्क्यावरून बायका साहेबाचं पोर कडेवर घेऊन काळं पाणी ओलांडत होत्या. त्यांच्या प्रायश्चित्ताचा प्रश्न कुणाला पडला नाही. यांतल्या बऱ्याचजणी ख्रिस्ती होत्या, काही मुसलमान, आणि ज्या हिंदू होत्या त्या बहुतेक अशा जातींतल्या, ज्यांच्या शुद्धाशुद्धतेची काळजी वाहायला कुठलं पीठ बसलेलं नव्हतं.

आया हा शब्दही समुद्रावरूनच आलेला. पोर्तुगीजांच्या घरात मुलांना सांभाळणारी बाई ती 'आइया'. गोवा-वसईच्या वाटेने हा शब्द किनाऱ्यावर उतरला, इंग्रजांनी उचलला आणि कलकत्त्यापासून कराचीपर्यंत नेला. दूध पाजणारी ती दाई, आणि पुढे मुलाला न्हाऊमाखू घालणारी, निजवणारी, फिरवून आणणारी ती आया, असा भेद इंग्रजांच्या घरांत असे. आयाकडे मुलाखेरीज मडमेचंही काम असायचं. केस विंचरायचे, कपडे काढून ठेवायचे, दागिन्यांची पेटी सांभाळायची. घरात खानसामा, बटलर, हमाल, भिश्ती, मसालची असे दहा-पंधरा पुरुष नोकर असले तरी मडमेच्या झोपण्याच्या खोलीत वावरणारी ही एकटीच.

त्यामुळे साहेब मायदेशी निघाला की बाकीचे सगळे नोकर मागे राहत आणि आया मात्र बरोबर निघे.

हे कंपनीच्या काळापासून चालू होतं. सर जोशुआ रेनल्ड्स या नामांकित चित्रकाराने १७६५च्या सुमारास जॉर्ज क्लाइव्हच्या कुटुंबाचं एक मोठं चित्र काढलं. जॉर्ज हा प्लासीवाल्या रॉबर्ट क्लाइव्हचा चुलत भाऊ. बंगालात पैसा करून परतलेला. हे चित्र सध्या बर्लिनमध्ये आहे. साहेब बाजूला उभा, त्याची बायको रेशमी झग्यात, आणि मधोमध हिंदुस्थानी पोशाख नि दागिने घातलेली चिमुरडी. त्या पोरीला गुडघे टेकून सावरून धरलेली बाई हिंदुस्थानी आहे. चित्रकाराने तिचा चेहरा मन लावून रंगवलाय, पण चित्राच्या नावात ती नुसती हिंदुस्थानी मोलकरीण. तिचं नाव लिहून ठेवावं असं कुणाला वाटलं नाही.

याला एक सुरेख अपवाद आहे. १७९२मध्ये विल्यम वूड या चित्रकाराने लंडनमध्ये एका आयाचं एकटीचं चित्र काढलं, आणि त्यावर तिचं नावही नोंदलं गेलं: जोआना डि सिल्व्हा, राहणार बंगाल. लेफ्टनंट कर्नल चार्ल्स डिअर या तोफखान्यातल्या अधिकाऱ्याच्या मुलांची ती आया. डिअर टिपूविरुद्धच्या लढाईत १७९०मध्ये मारला गेला होता. चित्रात मालकाचं कुटुंब नाही, पोर नाही. पांढऱ्या मलमलीतली बाई सरळ बघणाऱ्याकडे बघते आहे. २०२०मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने हे चित्र विकत घेतलं. अठराव्या शतकातल्या एखाद्या आयाचा नावानिशी चेहरा पाहायचा तर तो असा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच सापडतो.

अशा बायकांचं विलायतेत पुढे काय व्हायचं? मुलं आठ-दहा महिन्यांत तिथल्या हवेला रुळत, मडमेला स्वस्तात इंग्रज दाई मिळे, आणि आया नकोशी होई. कंपनीला याची कल्पना होती. लंडनच्या रस्त्यांवर हिंदुस्थानी नोकर भीक मागताना दिसू लागले की त्यांना परत धाडायचा खर्च कंपनीच्याच डोक्यावर बसे. म्हणून अठराव्या शतकात नियम झाला: नोकराला विलायतेला न्यायचं तर आधी कंपनीकडे अनामत ठेवा, आणि तो परत आला की रक्कम सोडवून घ्या. दयामाया यात फारशी नव्हती, हिशेब होता. पण हा हिशेब आयाच्या फायद्याचा होता, कारण तिला परत आणण्यात मालकाचे पैसे अडकलेले असत. पुढे कंपनीची मक्तेदारी गेली, खासगी जहाजं वाढली, आणि ही अट हळूहळू ढिली पडत गेली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आयाला परत पाठवणं हा मालकाच्या मर्जीचा मामला होऊन बसला.

मुंबईतल्या इंग्रज घरांमध्ये ही बाई काय होती, याचं सगळ्यांत प्रसिद्ध वर्णन रुडयार्ड किपलिंगचं आहे. ३० डिसेंबर १८६५ रोजी तो जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात जन्मला. त्याची आया रोमन कॅथलिक, 'पोर्तुगीज' म्हणून ओळखली जाणारी. म्हणजे मुंबईच्या तेव्हाच्या बोलीत गोव्याकडची. सकाळी ती त्याला फळबाजारात घेऊन जायची, संध्याकाळी माहीमच्या माडांच्या सावलीत समुद्रावर. वाटेत कुठे क्रूस लागला की ती प्रार्थना करायची आणि हा शेजारी उभा. मीता नावाचा घरगडी त्याला देवळात घेऊन जाई. दुपारी झोपताना आया किंवा मीता गोष्टी सांगत, गाणी म्हणत. मग पोराला कपडे घालून जेवणघरात आईबापांसमोर धाडताना बजावलं जाई: आता इंग्रजीत बोल हं! कारण मूल विचार करायचं, स्वप्नं पाहायचं ते नोकरांच्या भाषेत. किपलिंगने आयुष्याच्या अखेरीस लिहिलेल्या आठवणींची सुरुवात ह्याच पहाटेच्या बाजारापासून होते. साम्राज्याचा हा शाहीर पुढे काय काय लिहून बसला ते जगजाहीर आहे; पण ही चार पानं त्याने निखळ मायेने लिहिली आहेत, हे मान्य करायला हवं.

१८७१मध्ये त्याला आणि धाकट्या बहिणीला इंग्लंडात साउथसी गावी एका परक्या कुटुंबाकडे ठेवून आईबाप मुंबईला परतले, आणि तेही मुलांना न सांगता. ही त्या काळची रीतच होती. पाच-सहा वर्षांचं झालं की मूल 'होम'ला पाठवायचं, नाहीतर इथल्या हवेने आणि नोकरांच्या संगतीने ते बिघडतं, अशी समजूत होती. म्हणजे आयाची एका घरातली नोकरी फार तर तेवढीच. मूल मोठं झालं की ते बोटीवर चढे आणि आया दुसऱ्या घराचा दरवाजा ठोठावी. हातात जुन्या मडमेने दिलेल्या चिठ्ठ्यांची चळत असे: प्रामाणिक आहे, स्वच्छ आहे, मुलांचं नीट बघते, बोट लागत नाही. या चिठ्ठ्या म्हणजे तिचं सगळं भांडवल. स्वतःला त्यात काय लिहिलंय ते बहुतेकींना वाचता येत नसे, तरी त्या मेणकापडात गुंडाळून जपल्या जात.

फ्लोरा अ‍ॅनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर या दोन मडमांनी १८८८मध्ये नव्या मडमांसाठी घर चालवण्याचं जाडजूड मार्गदर्शक पुस्तक काढलं. कुठल्या नोकराकडून काय काम घ्यायचं, पगार काय द्यायचा, शिस्त कशी लावायची, सगळं त्यात आहे. एखादा जिल्हा चालवावा तसं घर चालवा, असा एकूण सूर. आया त्या घरातली प्रजा.

पण आयाचं स्वतःचं बोलणंही एका पुस्तकात सापडतं, आणि ते घडलं महाराष्ट्राच्याच माळावर. सर बार्टल फ्रिअर १८६२ ते १८६७ मुंबईचे गव्हर्नर होते. १८६५-६६च्या हिवाळ्यात ते दख्खनच्या दौऱ्यावर निघाले तेव्हा त्यांची मुलगी मेरी बरोबर होती. सबंध लवाजम्यात इंग्रज बाई ती एकटी, आणि सोबतीला अ‍ॅना लिबराता डिसूझा ही आया. मुक्कामामागून मुक्काम पडत होते, तंबू उठत होते, वेळ जाता जात नव्हता. मेरीने अ‍ॅनाला गोष्टी सांगायला लावल्या. अ‍ॅनाने आपल्या आजीकडून ऐकलेल्या एकेक गोष्टी काढल्या: सूर्याबाई, पंचकीन, राम-लक्ष्मण, घडे घडवणारा शूर कुंभार. १८६८मध्ये 'ओल्ड डेक्कन डेज' या नावाने लंडनहून हा संग्रह निघाला. हिंदुस्थानी लोककथांच्या इंग्रजीतल्या अगदी पहिल्या संग्रहांपैकी तो एक.

मेरीने आणखी एक शहाणपण केलं. गोष्टींच्या आधी अ‍ॅनाची स्वतःची हकिगत छापली, तिच्याच मोडक्यातोडक्या इंग्रजीत. तिचे पूर्वज कालिकतकडचे लिंगायत. गोव्याच्या बाजूला येऊन राहिले आणि तिथे आजोबा ख्रिस्ती झाला. पुढे तो इंग्रजांच्या पलटणीत हवालदार झाला आणि १८१७च्या खडकीच्या लढाईत होता. म्हणजे पेशवाई बुडवणाऱ्या त्या युद्धात हिचा आजोबा पलीकडच्या बाजूला. कुटुंब पुण्यात स्थिरावलं. नवरा गेल्यावर मुलांना वाढवण्यासाठी अ‍ॅना नोकरीला लागली. पूर्वीची स्वस्ताई गेली, गरिबाला जगणं कठीण झालं, अशी तिची तक्रार त्या कथनात आहे, आणि ती गव्हर्नरच्या मुलीसमोर केलेली आहे हे विशेष. तिचा मुलगा पुण्याच्या नदीत बुडून वारला, तेही ती सांगते. दुसऱ्यांची मुलं वाढवून स्वतःची पोसणाऱ्या बाईने असं आपल्या तोंडाने सांगितलेलं चरित्र त्या काळातलं दुसरं सहसा हाताला लागत नाही. पुस्तकावर नाव अर्थात मेरी फ्रिअरचं.

१७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझचा कालवा खुला झाला आणि सगळा रंग पालटला. आफ्रिकेला वळसा घालून चार-सहा महिने लागत, त्याऐवजी मुंबई-लंडन अंतर तीनेक आठवड्यांवर आलं. मडमा आता दर दोन-तीन वर्षांनी ये-जा करू लागल्या. प्रवासाला हंगाम आला: मार्च-एप्रिलमध्ये उन्हाळा टाळायला विलायतेकडे झुंबड, आणि पावसाळा सरला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात परत. या हंगामाने आयांचा एक नवाच वर्ग तयार केला. घरात राहून मूल वाढवणाऱ्या आया वेगळ्या, आणि केवळ प्रवासापुरत्या ठरवल्या जाणाऱ्या या वेगळ्या. वर्तमानपत्रात जाहिरात यायची, की अमुक तारखेला निघणाऱ्या कुटुंबाला अनुभवी आया पाहिजे. किंवा उलट, आया जाण्यास तयार, बोट न लागणारी.

बोट न लागणारी, हा गुण सगळ्यांत महत्त्वाचा. बोटीने मुंबई सोडली की मडम बहुधा केबिनमध्ये आडवी होई. मग पोराला दूध, पोराचे लंगोट, मडमेच्या उशाशी तस्त, पेट्यांची मोजदाद, हे सगळं एकट्या आयावर. तिला स्वतःची केबिन नसे. ती मुलाच्या बिछान्यापाशी जमिनीवर, नाहीतर डेकवर पथारी टाकून झोपे. तांबड्या समुद्रातला उकाडा, भूमध्य समुद्र ओलांडल्यावर बिस्केच्या उपसागरातलं उधाण आणि शेवटी लंडनच्या गोद्यांतली गारठवणारी सकाळ. अंगावर तेच सुती लुगडं आणि वर मडमेने दिलेली एखादी जुनी शाल.

आणि तिथे उतरल्यावर बरीचशी कुटुंबं तिचा हिशेब चुकता करून मोकळी होत. करार असलाच तर तोंडी. परतीचा खर्च देऊ, असं मुंबईत कबूल केलेलं लंडनला पोचेपर्यंत विरून जाई. कालव्याच्या आधीही, १८५५मध्ये लंडनच्या रॅटक्लिफ हायवेवरच्या एका गलिच्छ खाणावळीत पन्नास-साठ आया एकत्र दाटीवाटीने राहत असलेल्या आढळल्या. मालक त्यांच्याकडून आठवड्याला सोळा शिलिंग घेत असे, आणि पैसे संपले की बाई रस्त्यावर. रॅटक्लिफ हायवे म्हणजे खलाशांची वस्ती. दारूचे गुत्ते, मारामाऱ्या, सगळं काही. अशा जागी हिंदुस्थानी भाषेखेरीज दुसरी न येणारी बाई.

खलाशांसाठी निदान काही सोय झाली. प्रिन्स अल्बर्टच्या हस्ते पायाभरणी होऊन १८५७मध्ये लाइमहाउसला आशियाई आणि आफ्रिकी खलाशांचं वसतिगृह उघडलं. पदच्युत महाराजा दुलीपसिंगाने त्याला पाचशे पौंड दिले होते. पण ते पुरुषांचं. बायकांसाठी जे घर उभं राहिलं ते निराळ्याच रीतीने चाले, आणि त्याची रीत बघण्यासारखी आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे 'आयाज होम' लंडनच्या अ‍ॅल्डगेट भागात, ज्यूरी स्ट्रीटवर ६ नंबरच्या घरात होतं. १९००मध्ये लंडन सिटी मिशन या धर्मप्रसारक संस्थेने ते आपल्याकडे घेऊन हॅकनीमध्ये २६, किंग एडवर्ड्स रोड इथे हलवलं. तीसेक खोल्यांची वास्तू. वर्षाकाठी साधारण शंभर बायका येऊन राहत. हिंदुस्थानी बहुसंख्य, पण चीनकडच्या 'आमा'ही असत.

इथली व्यवस्था परतीच्या तिकिटावर चाले. लंडनला उतरलेली मडम आयाला या घरात आणून सोडी आणि तिचं परतीचं तिकीट मॅट्रनच्या हवाली करी. आता दुसरी एखादी मडम हिंदुस्थानला निघालेली असे. तिलाही वाटेत पोर सांभाळायला आया हवी असे. ती घराकडे मागणी नोंदवी, मॅट्रन तिला आया दाखवी, आणि ती मडम ते तिकीट विकत घेई. त्या पैशातून आयाचा मधल्या काळातला राहण्याजेवणाचा खर्च भागे. आयाला फुकट परतण्याऐवजी कामावर परतायला मिळे, नव्या मडमेला पारखलेली बाई मिळे आणि संस्थेवर बोजा पडत नसे. परोपकारी म्हणून ओळखली जाणारी ही संस्था बऱ्याच अंशी कामगार पुरवणारी कचेरीच होती. मॅट्रनला मुंबई, मद्रास, कलकत्ता या तिन्ही बंदरांच्या बोटींचं वेळापत्रक तोंडपाठ असणार यात नवल नाही. मद्रासच्या आयांना इंग्रजी चांगलं येतं म्हणून त्यांना मागणी जास्त, हेही तिला माहीत असणार.

१९०४च्या सुमारास छापलेल्या एका छायाचित्रात या घराची बैठकीची खोली दिसते. लुगडी नेसलेल्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या बायका बसल्या आहेत, हातात शिवणकाम आहे. मागच्या भिंतीवर तसबिरी. आयुष्यभर दुसऱ्याच्या घरातल्या कोपऱ्यात बसलेल्या या बायका इथे भर खोलीत खुर्च्यांवर बसल्या आहेत.

मिशनचा हेतू अर्थात धर्मप्रसाराचा. हिंदुस्थानी भाषेत प्रार्थना होत, बायबल वाचलं जाई. पण बायका आधीच अर्ध्याअधिक कॅथलिक, आणि उरलेल्या हंगाम संपला की बोट पकडणाऱ्या. धर्मांतराचं पीक फारसं आलं नाही. मिशनऱ्यांनी मात्र एक काम निष्ठेने केलं: फसवणुकीच्या तक्रारी सरकारदरबारी नेल्या.

१९०८चं एक प्रकरण बरंच गाजलं. मुंबईहून आलेल्या एका आयाला एका कुटुंबाने लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावर हातात एक पौंड ठेवून सोडून दिलं. ती कशीबशी होममध्ये पोचली. संस्थेने इंडिया ऑफिसला लिहिलं. इंडिया ऑफिस म्हणजे हिंदुस्थानचा कारभार पाहणारं लंडनमधलं खातं. त्याने जबाबदारी झटकली. बाई खासगी नोकर आहे, सरकारचा काय संबंध? वसाहतींतून आलेल्या निराधार प्रजाजनांबद्दल याच सुमारास एक सरकारी समिती बसली होती. होमच्या लोकांनी तिच्यापुढे साक्ष दिली. आयाला आणणाऱ्या मालकाने परतीची हमी लिहून द्यावी, अशी सूचना पुढे आली. १९१०मध्ये समितीचा अहवाल आला. मालकांवर कायद्याची सक्ती काही आली नाही. ज्या साहेबांनी सक्ती करायची त्यांच्याच घरात आया होत्या.

या सगळ्यात आया म्हणजे केवळ बिचारी, असं चित्र उभं राहतं, आणि ते अर्धवट आहे. परेराबाईंच्या चौपन्न खेपांकडे पुन्हा बघितलं तर त्या कुणी टाकून दिलेल्या वाटत नाहीत. वर्षाला दोन खेपा धरल्या तरी सत्तावीस वर्षांचा धंदा झाला. अशा बाईला कुठली बोट चांगली, कुठल्या घराण्याची मडम खडूस, मुंबईत काय ठरवून घ्यायचं आणि लंडनमध्ये कशाला नकार द्यायचा, हे नीट ठाऊक असतं. इतिहासकार अरुणिमा दत्ता यांनी २०२३मध्ये प्रवासी आयांवर एक सविस्तर ग्रंथ लिहिला. पगारासाठी घासाघीस करणाऱ्या, बुडवलेल्या पैशांसाठी लंडनच्या कोर्टात उभ्या राहिलेल्या आया त्यात भेटतात. त्यांच्या आधी रोझिना विस्राम यांनी १९८६मध्ये आया, लस्कर म्हणजे बोटीवरचे हिंदी खलाशी आणि राजेमहाराजे यांचा ब्रिटनमधला इतिहास पहिल्यांदा एकत्र मांडला होता. एरवी हा विषय साम्राज्याच्या इतिहासकारांच्या लेखी तळटीपेच्या लायकीचाही नव्हता.

पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांच्या भीतीने बायकांचा समुद्रप्रवास रोखला गेला आणि आया लंडनमध्ये अडकून पडल्या. युद्ध संपल्यावर गर्दी वाढली, जागा अपुरी पडू लागली. १९२१मध्ये होम त्याच रस्त्यावरच्या ४ नंबरच्या मोठ्या घरात गेलं. व्हाइसरॉयची पत्नी लेडी चेम्सफर्ड उद्घाटनाला आली होती. दुसऱ्या महायुद्धाबरोबर हा सगळा रहाटगाडा थांबला, आणि १९४७नंतर तर मडमाच परतीचं तिकीट काढून गेल्या.

२६ नंबरचं घर मात्र अजून उभं आहे. फरहाना मामूजी या लंडनच्या तरुणीने टीव्हीवरच्या एका माहितीपटात त्याचा उल्लेख ऐकला. ते आपल्याच भागात आहे हे कळल्यावर २०१८पासून तिने पाठपुरावा सुरू केला. जून २०२२मध्ये 'इंग्लिश हेरिटेज'ने त्या भिंतीवर आपली निळी पाटी लावली. लंडनमध्ये अशा पाट्या साधारणपणे लेखक, शास्त्रज्ञ, सेनापती यांच्या नावाने असतात.

मुंबईत आया गेल्या नाहीत, त्यांचे मालक बदलले. पारशी, गुजराती, सिंधी घरांत त्या राहिल्या. इस्पितळांत आयाबाई झाल्या, शाळांत मावशी. आता उपनगरांतल्या दुकानांच्या वरच्या मजल्यांवर 'आया सेंटर'च्या पाट्या दिसतात. बारा तासांची बाई, चोवीस तासांची बाई, बाळंतिणीसाठी वेगळा दर, म्हाताऱ्यासाठी वेगळा. दलाली मधला माणूस घेतो. महाराष्ट्राने २००८मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला.

समुद्रापारचा धंदाही संपला नाही, फक्त दिशा वळली. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर गोव्याच्या बायका कुवेत, बहारीन, दुबईकडे आया म्हणून जाऊ लागल्या. त्यांच्यामागून आंध्र, केरळ, तमिळनाडूतून हजारोंनी गेल्या. तिथेही तक्रारी त्याच: पासपोर्ट मालकाकडे, पगार थकलेला, परतीचा खर्च कुणी द्यायचा यावर वाद. ज्या देशांसाठी सरकारी परवानगी लागते तिथे तीस वर्षांखालच्या बाईला घरकामासाठी पाठवायचं नाही, असा नियम भारत सरकारने केला. शिवाय तिला नेणाऱ्या परदेशी मालकाने अडीच हजार डॉलरची बँक हमी द्यावी, म्हणजे त्याने तिला वाऱ्यावर सोडलं तर त्या पैशातून तिला परत आणता येईल, असंही ठरलं. कंपनीच्या अनामतीचाच हा नवा अवतार. कुवेतला ही अट मान्य नव्हती. तिथे ती रक्कम ७२० दिनार होत होती, आणि २०१४मध्ये कुवेतने भारतीय मोलकरणींचे व्हिसाच बंद केले. तीन वर्षं ताणाताणी चालली. २०१७मध्ये भारताने कुवेतपुरती ती अट मागे घेतली, आणि व्हिसा पुन्हा सुरू झाले.